पान कोणासाठी वाढायचे?

बेळगाव-निपाणीकडच्या मराठी घरात सकाळी वर्तमानपत्र आले, की वडीलधारी माणसे पहिल्या पानावरील मथळ्यांवरून नजर फिरवतात आणि थेट निधनवार्तांच्या रकान्याकडे वळतात. तरुण मंडळी याला हसतात. म्हातारपणाचे लक्षण म्हणून ते सोडूनही देतात. वास्तविक त्यात कर्तव्याचा भाग मोठा असतो. कोण गेले, कोणाच्या दारात आज उभे राहायला हवे, किती वाजता कोठे पोहोचायचे, हे सारे त्या चार ओळींवरून ठरते. बाबूराव ठाकूरांनी 1919 साली बेळगावात 'तरुण भारत' सुरू केला, तेव्हापासून आमच्याकडच्या किती पिढ्यांची अखेरची बातमी त्या पत्रात छापून आली असेल, याची गणती कोण करणार?

या वार्तांचा पूर्वार्ध सर्वांचा सारखाच असतो. वय, 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे' हे ठरलेले वाक्य, आणि मग शेवटची ओळ. फरक काय तो या ओळीत. कोणाचे रक्षाविसर्जन तिसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता असते, कोणी लिंगैक्य झालेले असतात, कोणाचा दफनविधी दुपारच्या नमाजानंतर असतो, कोणासाठी चर्चमध्ये प्रार्थना असते, कोणाचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो. अलीकडे अधूनमधून 'इच्छेनुसार देहदान करण्यात आले' असेही वाचायला मिळते. एकाच रकान्यात, एकाच आकाराच्या टायपात ही सारी माणसे शेजारी शेजारी झोपलेली असतात.

परंतु त्या शेवटच्या ओळी नीट वाचल्या तर ध्यानात येते, की माणूस मेल्यावर त्याचे काय होते या एका प्रश्नाला तेथे सहा-सात उत्तरे दिलेली आहेत आणि त्यांतील एकाचे दुसऱ्याशी जुळत नाही. एकाच्या मते गेलेला बाप दहा दिवस घराभोवती तहानलेला फिरत असतो. दुसऱ्याच्या मते तो केव्हाच नव्या देहात गेला. तिसरा म्हणतो, तो शिवात मिसळला, आता तो निराळा उरलाच नाही. चौथ्याच्या मते तो कबरीत निवाड्याच्या दिवसाची वाट पाहत आहे, आणि पाचवा म्हणतो, जाणारा असा आत्मा मुळात नव्हताच. सर्व धर्मांचे सार एकच, असे व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून म्हणणे सोपे असते. स्मशानाच्या वाटेवर ते टिकत नाही. ही उत्तरे खरोखर भिन्न आहेत, आणि ती भिन्न आहेत हे आमच्या गल्लीतील माणसांना शास्त्र न वाचताही ठाऊक होते.

आमचे तात्या निपाणीत शाळामास्तर होते. शेजारी जैन कुटुंब होते. घरची तंबाखूची शेती, थोडा व्यापार. त्या घरचे कर्ते पुरुष आमच्या सबंध गल्लीचे 'अण्णा'. भाद्रपदात आमच्या घरी म्हाळ असे. महालय हा शब्द पंचांगात. आमच्याकडे म्हाळच म्हणतात. आई पहाटे उठून खीर, वडे, अळूची भाजी, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी असा स्वयंपाक करी. कौलांवर घास ठेवला जाई आणि आम्ही मुले कावळ्याची वाट पाहत अंगणात उभे राहत असू. त्या दिवशी अण्णा हटकून ओसरीवर येऊन बसत. जेवायला कधी थांबत नसत. त्यांचा ठरलेला प्रश्न असे: ''मास्तर, तुमचे वडील आज कुठं आहेत म्हणता?''

तात्या म्हणत, ''पितृलोकात.''

''मग पुनर्जन्म कुणाचा झाला?''

हा वाद मी वीस वर्षे तरी ऐकला असेन. अण्णा शिकलेले मराठी चौथीपर्यंत, पण त्यांनी बोट नेमके दुखऱ्या जागी ठेवले होते. आपल्या उपनिषदांतच दोन मार्ग सांगितले आहेत, देवयान आणि पितृयाण. कर्माप्रमाणे जीव पुन्हा जन्माला येतो, हेही आपणच मानतो. आणि श्राद्धात मात्र बाप, आजा, पणजा हे तिघे वसू, रुद्र, आदित्य या रूपांनी पितृलोकात वसत आहेत असे समजून त्यांना पिंड देतो. माणूस जर दुसरीकडे जन्माला आला असेल तर पिंड कोणाला पोहोचतो? पुराणकारांना ही अडचण दिसली नव्हती असे नाही. त्यांनी उत्तर काढले, की पितर देव झाला असेल तर ते अन्न त्याला अमृत होऊन मिळते, पशू झाला असेल तर गवत होऊन मिळते. उत्तर चतुर आहे. तात्या ते सांगत तेव्हा अण्णा मान हलवीत आणि म्हणत, ''म्हणजे माझ्या बैलापुढं जी वैरण पडते ती कुणाच्या तरी म्हाळाची. मग मी कशाला विकत घेतो?''

महामहोपाध्याय काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड 1953 साली प्रसिद्ध झाला. त्यात अंत्येष्टी, आशौच आणि श्राद्ध यांचे शेकडो पृष्ठांचे विवेचन आहे. त्या ग्रंथातही हा पेच लपवलेला नाही. कर्मविपाकावर आणि पुनर्जन्मावर ज्याची दृढ श्रद्धा आहे त्याला पिंडांनी पितरांची तृप्ती होते या कल्पनेशी तिचा मेळ घालणे अवघड जाईल, असे काण्यांनी स्पष्ट नमूद केले आहे. मला हे पुष्कळ उशिरा वाचायला मिळाले. वाचताना अण्णांची आठवण झाली आणि हसू आले. भारतरत्न महामहोपाध्याय आणि आमच्या गल्लीतले चौथी शिकलेले तंबाखूवाले एकाच ठिकाणी अडले होते.

चार्वाकाचाही आक्षेप असाच होता. येथे वाढलेले अन्न परलोकात पोहोचत असेल तर प्रवासाला निघालेल्याने शिदोरी कशाला बांधावी, घरी कोणी जेवले की त्याचे पोट भरेल, असा त्याचा युक्तिवाद. मात्र अण्णांना चार्वाक म्हटलेले खपत नसे. चार्वाकाला मरणानंतर काहीच नको होते. जैनांना सर्व हवे आहे, फक्त मध्ये थांबणे नको. त्यांच्या शास्त्राप्रमाणे जीव एक देह सोडतो आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत आपल्या कर्माने बांधलेल्या दुसऱ्या गतीत जातो. प्रेत होऊन घोटाळत राहण्याची मधली अवस्था तेथे नाही, आणि मुलाच्या पुण्याने बापाचे कर्म झडते हेही त्यांना मान्य नाही. ज्याचे त्याने भोगावे.

म्हणूनच जैनांची सगळी तयारी मरणाच्या अलीकडची असते. पलीकडे करण्यासारखे काही उरतच नाही. आमच्या निपाणीपासून जवळ, वेदगंगा आणि दूधगंगा यांच्या संगमाकडचे भोज हे गाव आहे. तेथील पाटील घराण्यातले सातगौडा पुढे आचार्य शांतिसागर महाराज झाले. दिगंबर मुनींची जवळजवळ लोपलेली परंपरा त्यांनी विसाव्या शतकात पुन्हा उभी केली. वृद्धापकाळी त्यांची दृष्टी मंदावली. वाटेतला जीवजंतू दिसेनासा झाला तर अहिंसाव्रत कसे पाळावे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. 1955 साली कुंथलगिरी येथे त्यांनी सल्लेखना घेतली आणि 18 सप्टेंबरला देह ठेवला. याच सीमाभागातील सदलग्यात 1946 साली जन्मलेले आचार्य विद्यासागर महाराज यांनी 18 फेब्रुवारी 2024 रोजी छत्तीसगडमधील डोंगरगड येथे त्याच मार्गाने देहत्याग केला.

राजस्थान उच्च न्यायालयाने 10 ऑगस्ट 2015 रोजी सल्लेखनेला आत्महत्येच्या पंक्तीत बसवले, तेव्हा देशभर जैन समाजाचे मूक मोर्चे निघाले. 31 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. वाद कायद्याचा होता, पण त्याच्या मुळाशी मरणोत्तर श्रद्धाच होती. ज्याला मरण हा शेवट वाटतो त्याला अन्नत्याग ही आत्महत्या दिसते; ज्याला तो उंबरठा वाटतो त्याला ती पुढच्या घरी शुद्ध होऊन जाण्याची तयारी दिसते. विनोबांनी 1982 च्या नोव्हेंबरात पवनारला अन्न, पाणी आणि औषध नाकारले तेव्हा तात्या आणि अण्णा दोघेही रेडिओपुढे बसून होते. त्या दिवशी वाद झाला नाही.

आता लिंगायतांचे सांगतो. आमच्या परसाच्या पलीकडे एक लिंगायत घर होते. त्या घरच्या वृद्ध बाई, आम्ही त्यांना अक्का म्हणत असू, गेल्या तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा असेन. आमच्याकडे प्रेत आडवे असते. येथे अक्कांना मांडी घालून बसवलेले होते. कपाळाला विभूती, अंगावर नवे लुगडे, गळ्यात फुले. सजवलेल्या विमानात बसून त्या वाजतगाजत निघाल्या. डोळे मिटले होते एवढेच. मी घाबरलो नाही, हे मला अजून आठवते. देवळात पालखी निघावी तसे ते होते. पुढे खड्ड्यातल्या कोनाड्यात त्यांना बसवून डाव्या तळहातावर त्यांचे इष्टलिंग ठेवले आणि बेलपत्री, विभूती घालून माती लोटली. जन्मभर गळ्यात बाळगलेले लिंग शेवटी हातावर येते, आणि धरणारा व धरलेले यांतले अंतर सरते. लिंगैक्य हा शब्द त्यांच्याकडे केवळ 'निधन' या अर्थाचा शिष्टाचार नाही. त्यात सबंध तत्त्वज्ञान आहे. बाराव्या शतकात बसवण्णांनी आणि शरणांनी पाच सुतके नाकारली, त्यांत मरणाचे सुतकही होते. जो शिवात मिळाला त्याचा विटाळ कसा धरावा?

तत्त्व असे निर्मळ. व्यवहार मात्र माणसांचा. पितृपक्षातल्या अमावास्येला त्याच घरातून सुवास येई, गोडधोड होई आणि 'थोरल्यांच्या नावानं' नैवेद्य दाखवला जाई. एकदा तात्यांनी अक्कांच्या मुलाला विचारले, ''शिवात मिळालेल्याला होळीगे कशाला?'' तो म्हणाला, ''अवळा आवडायची.'' कानडी-मराठीची सरमिसळ आमच्याकडची. 'अव्वाला' असे त्याला म्हणायचे होते. आईला पोळी आवडायची, म्हणून पोळी. यापुढे शास्त्रार्थ काय करणार?

आणि हे सारे काही अलीकडचे नाही. बेळगावच्या किल्ल्यातली कमलबस्ती 1204 साली रट्टांच्या मंत्र्याने बांधली. त्याच काळातले वीरगळ या टापूत गावोगावी उभे आहेत. खाली लढाई, मध्ये वीराला उचलून नेणाऱ्या अप्सरा, वर कैलासात शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर. गाईंसाठी किंवा गावासाठी पडलेल्याला वाटेत थांबावे लागत नाही, पिंडाचीही गरज पडत नाही. खालच्या चौकटीतून तो सरळ वरच्या चौकटीत जातो. म्हणजे आठशे वर्षांपूर्वीही या मातीत मरणाची उत्तरे एकाहून अधिक होती आणि ती शेजारी शेजारी दगडात कोरली जात होती.

मुसलमानांच्या मयतीला आमच्याकडचे हिंदू जातात, तीन मुठी माती देतात आणि मागे फिरतात. कबरीतला माणूस मधल्या काळात, बर्जखमध्ये, असतो. दोन फरिश्ते येऊन त्याला त्याच्या श्रद्धेविषयी प्रश्न विचारतात. मग कयामतीपर्यंत प्रतीक्षा. हे आम्हाला शाळेतल्या मित्रांनी सांगितलेले. परीक्षेच्या वयात मला त्या फरिश्त्यांची फार भीती वाटे. पण अवलियाचे मरण निराळे. त्याच्या पुण्यतिथीला उरूस म्हणतात आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ लग्न असा आहे, परमेश्वराशी झालेले मीलन. निपाणीच्या उरुसाला कोण जात नाही ते विचारा! बाळेकुंद्रीला पंतमहाराजांनी 1905 साली देह ठेवला, त्यांच्या पुण्यतिथीचाही उत्सवच होतो. साध्या माणसाच्या मरणाचे सुतक आणि संताच्या मरणाची जत्रा, या बाबतीत आमच्या भागातल्या धर्मांचे बरेचसे एकमत दिसते.

ख्रिस्ती लोकांतही दोन मते आहेत, हे बेळगावच्या कॅम्पात वाढलेल्यांना ठाऊक असते. गोव्याकडून आलेली कॅथलिक कुटुंबे 2 नोव्हेंबरला दफनभूमीत जातात, थडगी धुऊन फुले आणि मेणबत्त्या लावतात आणि शुद्धिस्थानात अडकलेल्या जीवांसाठी प्रार्थना करतात. लंडन मिशनरी सोसायटीचे लोक 1820 मध्ये बेळगावात आले; त्यांच्या प्रॉटेस्टंट परंपरेला हे मान्य नाही. मेलेल्याचा हिशोब मेल्या क्षणी मिटला, आता मागून अर्ज चालत नाही, अशी त्यांची धारणा. अण्णांना ही मंडळी आवडली असती.

सर्वांत कठोर उत्तर बुद्धाचे. बाबासाहेब आंबेडकर एप्रिल 1925 मध्ये बहिष्कृत परिषदेसाठी निपाणीला आले होते. पुढे 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात त्यांनी जी दीक्षा दिली, तिच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, अशी एक प्रतिज्ञा आहे. बुद्धधम्मात आत्माच मानलेला नाही. मग तृप्त करायचे कोणाला? पण या प्रतिज्ञेचा अर्थ एवढ्या तत्त्वज्ञानाने पुरा होत नाही. ज्या विधीने पुरोहिताला मान आणि यजमानाला त्याची पायरी दाखवली, त्या विधीच्या दारातून बाहेर पडण्याचा तो निश्चय होता. शाळेतले माझे एक सहकारी त्या समाजातले. त्यांची आई दीक्षेच्या आधीच्या पिढीतली. आपला नवरा कावळ्याच्या रूपाने आला होता, असे ती अखेरपर्यंत म्हणे. तिच्या मागे मुलाने परित्राणपाठ केला, भोजनाऐवजी वह्या वाटल्या आणि पिंड ठेवला नाही. तिला काय हवे होते हे त्याला ठाऊक होते. त्याने मला विचारले, ''आईचं ऐकायचं होतं की बाबासाहेबांना दिलेला शब्द पाळायचा होता?'' मी उत्तर दिले नाही. कारण तोपर्यंत माझ्या घरातही तोच प्रश्न उलट्या बाजूने येऊन गेला होता.

मृताची श्रद्धा एक आणि मागे उरलेल्यांची दुसरी असेल, तर कोणाची चालावी? शेजाऱ्यांच्या श्रद्धा भिन्न असल्या तर निभावते. आपण त्यांच्या दारात चार घटका उभे राहतो आणि आपल्या घरी परततो. पण एकाच घरात, एकाच पार्थिवाभोवती दोन श्रद्धा उभ्या राहिल्या म्हणजे परतायला दुसरे घर नसते.

निवृत्तीनंतर तात्यांचे वाचन वाढले. त्यांनी आगरकर पुन्हा वाचून काढले. 17 जून 1895 रोजी आगरकर गेले, तेव्हा त्यांनी आपल्या दहनाच्या खर्चाचे पैसे पुरचुंडीत बांधून ठेवलेले सापडले, ही गोष्ट तात्या फार वेळा सांगत. वयाची चाळिशीही न गाठलेला माणूस, जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा सनातन्यांनी काढलेली पाहिलेला, जाताना कोणाचा मिंधा राहिला नाही, याचे त्यांना अप्रूप वाटे. हळूहळू म्हाळाच्या दिवशी तेही अण्णांच्या बाजूने बोलू लागले. आई स्वयंपाकघरातून म्हणे, ''बोला, बोला. पान मी वाढते आहे.''

तात्या 1993 च्या वैशाखात गेले. त्यांच्या ट्रंकेत चिठ्ठी निघाली. शाळामास्तरांचे वळणदार अक्षर. दहन साधेपणाने करावे, दहावे-तेरावे करू नये, पिंड ठेवू नयेत, त्या खर्चातून शाळेतल्या मुलांना पुस्तके द्यावीत. खाली सही, तारीख. मजकुरात शंकेला जागा नव्हती.

आईने चिठ्ठी वाचून घेतली आणि एवढेच म्हणाली, ''त्यांनी लिहिलं ते त्यांच्यापुरतं. दहा दिवस ते तहानलेले राहतील आणि मी इकडे पाणी पिऊ?'' थोरला भाऊ आईच्या बाजूचा, मी चिठ्ठीच्या बाजूचा. बहीण रडत होती आणि दोघांनाही गप्प बसायला सांगत होती. शेवटी आईचे झाले. मुलांना पुस्तके दिली, आणि दहावेही केले. दोन्ही केले म्हणजे दोघांचेही राखले, अशी आम्ही समजूत करून घेतली. ती खरी नव्हती. 'करू नये' असे ज्याने लिहिले त्याची आज्ञा अर्धी पाळता येत नाही. मी आजही मानतो, की आम्ही तात्यांच्या बाबतीत चुकलो. आणि त्या दिवशी आईला 'नाही' म्हणण्याचे धैर्य माझ्यात आजही आले नसते, हेही तितकेच खरे आहे.

बैलहोंगलच्या रामण्णवर पितापुत्रांची हकीकत वाचली तेव्हा म्हणूनच मी फार वेळ सुन्न बसलो होतो. वडील आयुर्वेदाचे वैद्य. त्यांनी देहदानाची इच्छा सांगून ठेवली होती. 2008 साली ते वारले. मुलगा, डॉ. महांतेश रामण्णवर, बेळगावच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनेचे अध्यापक. 2010 च्या नोव्हेंबरात त्यांनी वडिलांच्या देहाचे विच्छेदन विद्यार्थ्यांपुढे स्वतःच्या हाताने केले, कारण वडिलांची इच्छा तशी होती. बापाच्या शरीरावर शस्त्र चालवताना त्या मुलाला काय वाटले असेल, हे मला सांगता येत नाही. आमच्यापुढे फक्त एक पान न वाढण्याचा प्रश्न होता आणि तोही आम्हाला झेपला नव्हता.

दहाव्याला आम्ही वेदगंगेच्या काठी गेलो. अण्णा आले होते. सत्तरी ओलांडलेली, हातात छत्री. पिंड मांडले. कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते, पण खाली उतरेनात. थोरल्या भावाने हात जोडून सांगितले, ''आईला सांभाळू.'' नाही. बहिणीने सांगितले, ''तुमची पुस्तकं कुणाला देणार नाही.'' नाही. तास झाला. ऊन चढले. काठावरचे सगळे एकमेकांकडे पाहू लागले, आणि आपले काय चुकले हे प्रत्येक जण मनात शोधू लागला. चिठ्ठी मला माझ्या खिशात असल्यासारखी जाणवत होती. तेव्हा अण्णा दोन पावले पुढे आले आणि ज्या जागेवर, त्यांच्या शास्त्राप्रमाणे, कोणीही नव्हते त्या जागेकडे पाहून मोठ्याने म्हणाले, ''मास्तर, वाद तुम्ही जिंकलात. आता पोरांना सोडा, उन्हात उभी आहेत.''

कावळा तरीही आला नाही. भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो. वाटेत अण्णा मला म्हणाले, ''तिथं कुणी नव्हतं. पण तुमची आई विचारणार, अण्णांनी काय केलं म्हणून.''

कठोपनिषदातला नचिकेता यमाला नेमके हेच विचारतो, की मेल्यावर माणूस असतो असे काही म्हणतात, नसतो असे काही म्हणतात, खरे काय ते तू सांग. यम त्याला संपत्ती देऊ करतो, राज्य देऊ करतो, दीर्घायुष्य देऊ करतो. हा एक प्रश्न तेवढा सोड म्हणतो. देवांनाही याविषयी पूर्वी शंका होती, अशी कबुली देतो. प्रत्यक्ष मरणाच्या देवतेला जो प्रश्न टाळावासा वाटला, त्याचे उत्तर वेदगंगेच्या काठी दोन भावांत आणि एका चिठ्ठीत निघण्यासारखे नव्हते.

2020 आणि 2021 च्या साथीत अनेकांना आपल्या माणसाचे तोंडही पाहता आले नाही. दहन परस्पर झाले. पुढे वर्ष-दीड वर्षाने कोणी राहिलेले विधी केले, कोणी केले नाहीत. जे करू शकले नाहीत त्यांच्या बोलण्यात पितरांच्या अतृप्तीची भीती मला फारशी आढळली नाही. 'आम्ही तिथं नव्हतो' एवढेच ते पुन्हा पुन्हा सांगत.

अण्णा 2004 साली गेले. शेवटचे काही दिवस त्यांनी अन्न कमी कमी करत आणले होते. णमोकार मंत्र कानावर पडत असताना ते गेले. त्यांच्या घरी दहावे नव्हते, पिंड नव्हता, कावळ्याची वाट पाहणे नव्हते. मंदिरात जाऊन आल्यावर मुलांनी दुकान उघडले. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांचा मुलगा शांतपणे म्हणाला, ''आप्पा आता कुठंतरी जन्मले असतील.''

त्या वर्षी सर्वपित्री अमावास्येला आई सत्त्याहत्तर वर्षांची होती. स्वयंपाक सुनेने केला, पान मात्र तिने स्वतः वाढले. तात्यांचे पान, आजोबांचे, पणजोबांचे. मग तिने आणखी एक पान मागितले. कोणाचे म्हणून थोरल्याने विचारले तर उत्तर दिले नाही. त्या पानावर तिने खीर वाढली, वडे वाढले, गवारीची भाजी वाढली. बटाट्याची भाजी आणि रताळ्याचे काप समोर होते, ते तिने वाढले नाहीत. सून म्हणाली, ''सासूबाई, हे राहिलं.''

''कंदमूळ खात नाहीत ते,'' आई म्हणाली आणि पान उचलून अंगणात गेली.